धुळ्यात पांझरेवर पहिलं काम केलेल्या इंजिनिअरनं भारतीय मोटारीसाठी म्हातारपण पणाला लावलं होतं

धुळ्यात किंवा जळगावात आजही एखाद्या जुन्या घराच्या अंगणात ताडपत्री पांघरलेली फियाट उभी दिसते. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली. रोज कुणी चालवत नाही, पण विकायचाही जीव होत नाही. रविवारी ताडपत्री काढायची, बॅटरीची वायर जोडायची, गाडी सुरू करून पारोळा रोडला एक चक्कर मारायची, एवढंच तिचं काम.

अशा गाडीच्या इंजिनातून एक दिवस टक-टक आवाज यायला लागतो. मेकॅनिक म्हणतो टॅपेट ढिले झालेत. तो टॅपेट सेट करून देतो, आवाज चार दिवस जातो आणि पुन्हा येतो. गाडी चढावर दम टाकते, एक सिलिंडर नीट काम करत नाही. मग वरचं झाकण उघडलं जातं, एकेक व्हॉल्व किती उचलला जातो ते बघितलं जातं आणि निदान होतं, कॅमशाफ्ट घासला आहे. बदलावा लागेल.

आता शोधाशोध सुरू होते. जुन्या पार्टची दुकानं, मुंबईतले ओळखीचे, भंगारात निघालेल्या टॅक्सीचं इंजिन. वेळ लागतो, पण कॅमशाफ्ट मिळतो. कारण ही गाडी कित्येक वर्षं आपल्याच राज्यात, मुंबईत कुर्ल्याला बनत होती.

शंभर वर्षांपूर्वी मात्र हाच पार्ट हवा असता, तर तो आगबोटीनं येण्याची वाट बघावी लागली असती. ही वाट बघणं संपलं पाहिजे म्हणून ज्या माणसानं सत्तरी उलटल्यावर धावपळ केली, त्याचं पहिलं मोठं काम खान्देशात झालं होतं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

धरणं बांधणारे विश्वेश्वरय्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. पण भारतात मोटारीचा कारखाना निघावा म्हणून झटलेले विश्वेश्वरय्या फारसे सांगितले जात नाहीत.

खान्देशात आलेला विशीतला पोरगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. घर संस्कृत पंडितांचं, पण पैशांची चणचण. वडील लवकर गेले. बंगळूरला सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी शिकवण्या करून खर्च भागवला आणि १८८१ मध्ये बीए केलं. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला आले. हेच पुढचं सीओईपी. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले.

त्या काळात पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी जवळपास ठरलेली असे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं त्यांना असिस्टंट इंजिनिअर म्हणून घेतलं. सुरुवात नाशिकला झाली आणि लगोलग खान्देशातलं काम अंगावर आलं.

तेव्हा आजच्यासारखे धुळे आणि जळगाव असे वेगळे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. पूर्व आणि पश्चिम खान्देश अशी फोड १९०६ मध्ये झाली, तेव्हा जळगाव पूर्व खान्देशचं ठाणं झालं. रेल्वे जळगाव-भुसावळवरून धावत होती, पण धुळ्याला अजून रेल्वे आली नव्हती. चाळीसगावहून पुढे बैलगाडी, टांगा नाहीतर घोडा.

यात एक गंमत आहे. विश्वेश्वरय्या खान्देशात कामाला लागले तेव्हा जगात मोटार नावाची वस्तूच नव्हती. जर्मनीत कार्ल बेंझनं आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं ते १८८६ मध्ये. म्हणजे मोटारीसाठी भांडणारा हा माणूस मोटारीपेक्षा वयानं मोठा होता.

पांझरेनं शिकवलेला धडा

त्यांना मिळालेलं पहिलं मोठं काम धुळ्याच्या पश्चिमेला, आजच्या साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ होतं. पांझरेच्या एका प्रवाहाला ओलांडून पाणी पलीकडे न्यायचं होतं आणि त्यासाठी पाइपचा सायफन बांधायचा होता.

पांझरेच्या खोऱ्यातल्या लोकांना पाणी वळवायची कला नवी नव्हती. नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालायचे, पाटानं पाणी आणायचं आणि शेताचे फड पाडून ते वाटून घ्यायचं, ही फड पद्धत इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पण मध्ये नदीचा प्रवाह आडवा आला तर पाट पलीकडे न्यायचा कसा, हा प्रश्न होता.

सायफनची युक्ती सोपी आहे. पाइप अलीकडच्या काठावरून खाली उतरवायचा, प्रवाहाच्या तळाखालून न्यायचा आणि पलीकडे वर काढायचा. पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडं खाली ठेवायचं. मग पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या दाबानं पलीकडे चढतं. वरून नदी वाहत राहते आणि तिच्या पोटाखालून पाटाचं पाणी जातं.

कागदावर हे सोपं होतं, पांझरेत नव्हतं. काम ऐन पावसाळ्यात आलं होतं. पाया खणला की पूर यायचा आणि सगळा खड्डा वाळूनं बुजायचा. पुन्हा खणायचा, पुन्हा बुजायचा. पैसा वाया जातोय हे दिसत होतं. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं, पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावं.

वरिष्ठ साहेबांना ते रुचलं नाही. नवा पोरगा काम टाळतोय, शिस्त पाळत नाही, असा सूर निघाला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शेरा खराब होणार अशी वेळ आली. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. ते पुन्हा प्रवाहात उतरले, वाळूशी आणि पाण्याशी झुंजत काम पुरं केलं आणि नाराज झालेल्या त्याच साहेबांकडून शाबासकी मिळवली.

काम कुणाच्या हातात आहे आणि निर्णय कुणाच्या हातात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. हे त्यांना पांझरेच्या काठावर पहिल्यांदा कळलं असेल. पुढच्या आयुष्यात हा फरक त्यांना पुन्हा पुन्हा आडवा येणार होता.

पाण्याकडून कारखान्याकडे

पुढची चोवीसेक वर्षं त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. सिंधमधल्या सक्करला नदीचं गढूळ पाणी गाळून शहराला पोचवलं. पुण्याला असताना नीरा कालव्यासाठी पाणी पाळीपाळीनं वाटण्याची ब्लॉक पद्धत मांडली. पांझरेचे फड ज्यानं पाहिलेत त्याला ती वाचताना ओळखीचं काहीतरी सापडतं. खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे आणि बंद होणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे उघडतात, उतरलं की मिटतात. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. या दरवाजांचं त्यांनी पेटंट घेतलं होतं.

१९०८ मध्ये त्यांनी इलाख्याची नोकरी सोडली. वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असायच्या, तिथं हिंदी माणसाला पुढची वाट फारशी नव्हती. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्‌ध्वस्त झालं, तेव्हा निजामानं त्यांना बोलावलं. पाठोपाठ म्हैसूरनं त्यांना मुख्य अभियंता केलं. कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभं राहू लागलं आणि १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले.

दिवाण म्हणून त्यांचा भर शिक्षणावर आणि उद्योगावर होता. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर निघाली, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची तयारी त्यांच्याच काळात झाली. त्यांच्या कारकिर्दीला एक वादाची बाजूही आहे. मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याला त्यांचा विरोध होता. म्हैसूरच्या महाराजांनी त्यासाठी मिलर समिती नेमली, मतभेद वाढले आणि विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडलं. आज त्यांच्याकडे बघताना ही गोष्टही लक्षात ठेवावी लागते.

नंतर भद्रावतीचा कारखाना तोट्यात अडकला, तेव्हा १९२३ पासून त्यांनी तो हातात घेऊन रुळावर आणला. लोखंड बनवता येतं हे दिसलं. आता पुढचा प्रश्न होता, त्या लोखंडापासून आपण काय बनवणार?

मोटारच का?

१९३४ मध्ये विश्वेश्वरय्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्था मांडणारं पुस्तक लिहिलं. देशात पंचवार्षिक योजना यायला अजून सतरा वर्षं होती. शेतीवर एवढ्या लोकांचं पोट भरणार नाही, उद्योग वाढवावेच लागतील, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

कुठल्या उद्योगानं सुरुवात करायची, तर त्यांनी मोटारीकडे बोट दाखवलं. याचं कारण समजायला पुन्हा त्या घासलेल्या कॅमशाफ्टकडे यावं लागेल.

कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. चार सिलिंडरच्या आणि आठ व्हॉल्वच्या साध्या इंजिनात असे आठ कॅम. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्वला दाबून उघडतो. हवा-पेट्रोल कधी आत घ्यायचं आणि धूर कधी बाहेर सोडायचा, याचं वेळापत्रक त्या उंचवट्यांच्या आकारात कोरलेलं असतं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. हा हिशोब जरा चुकला तर इंजिन धडपणे चालत नाही.

दिसायला साधा दांडा, पण तो बनवायला काय काय लागतं ते बघा. चांगल्या प्रतीचं पोलाद किंवा बीड लागतं. ओतकाम नाहीतर घडाई लागते. प्रत्येक कॅमचा आकार केसभरही न चुकता घासून काढणारं ग्राइंडिंग मशीन लागतं. पृष्ठभाग कडक करायची भट्टी लागते. माप तपासणारी उपकरणं आणि ती वापरणारे कारागीर लागतात. एका कॅमशाफ्टच्या मागं पाच-सहा उद्योग उभे असतात आणि मोटारीत असे हजारो सुटे भाग असतात.

म्हणून विश्वेश्वरय्यांच्या मते मोटार कारखाना म्हणजे फक्त श्रीमंतांच्या गाड्यांचा प्रश्न नव्हता. तो निघाला की त्याच्यामागं पोलाद, रबर, काच, रंग, बॅटरी, यंत्रं बनवणारी यंत्रं, सगळ्यांना काम मिळेल, असं त्यांचं गणित होतं.

मोटारी होत्या, पण आपल्या नव्हत्या

कुणी म्हणेल, तेव्हा भारतात मोटारी बनत नव्हत्या का? १९२८ पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता. फोर्डही भारतात गाड्या जोडत होती. पण ती जुळवणी होती. परदेशातून खोक्यात भरून सुटे भाग यायचे, इथं ते नटबोल्टनं जोडले जायचे आणि गाडी रस्त्यावर यायची. इंजिन तिकडचं, गिअरबॉक्स तिकडचा, कॅमशाफ्टही तिकडचा.

या गाड्या खान्देशापर्यंतही पोचत होत्या. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो आणि सुरत-नागपूर रस्ता तिथंच त्याला छेदून पुढे पारोळा, एरंडोल, जळगावकडे जातो. कापसाच्या या मुलखात सरकी-रुईची ने-आण वाढली तशी मोटार आणि लॉरीची गरजही वाढली. पण अशा गाडीचं इंजिन उघडल्यावर आतला महत्त्वाचा भाग झिजलेला निघाला, तर मेकॅनिक कितीही हुशार असो, त्याचे हात बांधलेलेच. भाग मुंबई बंदरातून यायचा आणि बंदरात तो सातासमुद्रापलीकडून यायचा.

जे आपल्याला बनवता येत नाही, त्याच्या दुरुस्तीचा निर्णयही आपल्या हातात राहत नाही. विश्वेश्वरय्यांच्या आग्रहाचं सार एवढंच होतं.

म्हातारपणातली धावपळ

१९३५ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. मोटारींचे कारखाने पाहिले, भांडवल किती लागेल, यंत्रं कुठली लागतील, माणसं कशी शिकवायची याची माहिती गोळा केली. परत येऊन त्यांनी मुंबईत मोटार कारखाना काढण्याची तपशीलवार योजना तयार केली.

योजनेला वजन द्यायला एक उद्योगपती लागणार होता. तो मिळाला सोलापूरचा. वालचंद हिराचंद, १८८२ चा जन्म. रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात केलेला, सिंदिया कंपनीच्या जहाजांवरून इंग्रज कंपन्यांना टक्कर देणारा माणूस. वालचंदांना मोटारीचं स्वप्न पटलं. एकाकडे योजना होती आणि दुसऱ्याकडे धडक.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यांनी या कारखान्याला अनुकूलता दाखवली. आता जमणार असं वाटत असतानाच १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पाठीशी असलेलं सरकारच गेलं.

वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली. क्रायस्लरशी मात्र जमलं. पण दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारनं हवा तो पाठिंबा दिला नाही. युद्धासाठी गाड्या हव्या होत्या, पण त्या इथं बनाव्यात अशी सरकारची घाई नव्हती. त्याच धामधुमीत वालचंदांनी म्हैसूर सरकारच्या साथीनं १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. म्हणजे विमानाचा कारखाना निघाला आणि मोटारीचा लटकला.

विश्वेश्वरय्यांसाठी हे सगळं पांझरेसारखंच होतं. पाया खणला की पूर येऊन वाळू भरणार. फरक इतकाच की तेव्हा ते विशीत होते आणि आता ऐंशीच्या उंबरठ्यावर. तरी ते थांबले नाहीत. १९४१ मध्ये देशी कारखानदारांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं आणि ते बोलत राहिले, लिहीत राहिले.

कुर्ल्याचा कारखाना

शेवटी १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. दरम्यान बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही १९४२ मध्ये निघाली होती.

पण सुरुवातीला इथंही जुळवणीच होती. खरा फरक पडला १९५३ मध्ये. त्या वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारनं ठरवलं, ज्यांच्याकडे भारतात भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथं गाड्या काढाव्यात. नुसती खोकी उघडून जोडायचा धंदा बंद. जनरल मोटर्स आणि फोर्डनं भारतातलं काम आवरतं घेतलं.

विश्वेश्वरय्या अठरा वर्षांपूर्वी जे मांडत होते, ते आता सरकारी धोरण झालं होतं. वालचंदांना मात्र त्याची फळं पाहता आली नाहीत. पक्षाघातानं ते खचले होते आणि एप्रिल १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं.

प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता. १९५० च्या दशकात फियाट ११०० आली आणि पुढे तिनं महाराष्ट्राचे रस्ते व्यापले. डॉक्टरांची गाडी फियाट, वकिलांची फियाट, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी फियाट. टप्प्याटप्प्यानं तिचे भाग देशात बनू लागले. १९७० च्या दशकात ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली, तोपर्यंत ती जवळपास पूर्ण देशी झाली होती. खान्देशातला गाडीवालाही तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिला.

कॅमशाफ्ट बदलतात तरी कसा?

या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे मेकॅनिकचं आवडतं इंजिन. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व आणि ब्लॉकच्या पोटात बसलेला कॅमशाफ्ट, समोरून साखळीनं फिरणारा.

तो बदलायचा तर आधी पाणी काढून रेडिएटर उतरवायचा, म्हणजे दांडा पुढे ओढायला जागा मिळते. वरचं झाकण आणि रॉकरचा संच काढायचा. पुशरॉड एकेक करून उपसायचे आणि कुठला कुठे होता ते लक्षात राहील असे ओळीनं ठेवायचे. अनुभवी मेकॅनिक त्यासाठी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात ते खोचून ठेवतात. मग समोरची पुली आणि टायमिंगचं झाकण. आत साखळी आणि दोन चाकं दिसतात, त्यांवर खुणा असतात. काढण्याआधी खुणा जुळवून घ्यायच्या, नाहीतर बसवताना वेळापत्रक चुकतं. टॅपेट मोकळे केले की दांडा हळूहळू पुढे ओढायचा, बेअरिंगला ओरखडा न पाडता.

जुना दांडा हातात आला की आजार दिसतो. एखादा उंचवटा झिजून जवळजवळ गोल झालेला असतो. कारण बहुतेक वेळा एकच, खराब किंवा कमी ऑइल. आणि इथं बरेच जण पैसे वाचवायला जातात. नव्या दांड्यावर जुने टॅपेट बसवतात. जुन्या टॅपेटचं तोंड जुन्या कॅमशी घासून तसंच झालेलं असतं, ते नव्या कॅमला काही दिवसांत खाऊन टाकतं. म्हणून दोन्ही एकदम बदलायचं. बसवताना कॅमला घट्ट वंगण चोपडायचं, खुणा पुन्हा जुळवायच्या, फीलर गेजनं टॅपेटची फट धरायची आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर न ठेवता थोडा वेळ जरा जास्त वेगानं फिरू द्यायचं, म्हणजे ऑइल सगळीकडे नीट उडतं.

धुळ्यातला किंवा जळगावातला जुना मेकॅनिक हे काम पुस्तक न उघडता करतो. त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं, उस्तादाला त्याच्या उस्तादानं. हे ज्ञान गावोगाव पोचलं, कारण हातात घेऊन बघायला पार्ट मिळत होते. विश्वेश्वरय्यांच्या हिशोबात पोलाद होतं, यंत्रं होती, भांडवल होतं. हायवेच्या कडेला ग्रीसनं माखलेल्या हातांनी उभा राहिलेला हा कारागीर त्या हिशोबातून निघालेली सगळ्यात मोठी कमाई म्हणायला हवी.

स्वप्न अर्धं का राहिलं?

गोष्ट इथंच संपवली तर ती गोड होईल, पण पूर्ण होणार नाही.

बाहेरच्या गाड्यांना दार बंद झालं, त्यामुळे देशी कारखान्यांना वाढायला वेळ मिळाला. पण त्याच बंद दारामुळे त्यांना घाईही उरली नाही. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, हे नेहमीचं झालं. किती गाड्या काढायच्या यावर लायसन्सची मर्यादा होती. पद्मिनीचं मूळ इंजिन दशकांमागून दशकं तेच राहिलं. आपण कॅमशाफ्ट बनवायला शिकलो, पण त्याच्या उंचवट्याचा आकार इटलीत ठरला होता आणि नवा आकार काढायची गरज कुणाला फारशी वाटली नाही.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फियाटचे दिवस भरत आले. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. देशात विकसित झालेली पहिली प्रवासी मोटार म्हणून ओळखली जाणारी टाटा इंडिका पुण्यात तयार होऊन १९९८ मध्ये बाजारात आली. विश्वेश्वरय्यांच्या योजनेनंतर साठहून जास्त वर्षांनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा सोशल मीडियावर तिचे फोटो टाकून हळहळणाऱ्यांमध्ये ती चालवलेल्यांपेक्षा तिच्यात बसलेले लोक जास्त होते.

विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. शंभरी पाहून एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. जन्मले तेव्हा खान्देशात रेल्वेचे रूळ नुकते कुठे पडू पाहत होते, गेले तेव्हा कुर्ल्याहून निघालेल्या फियाट धुळ्याच्या चौफुलीवरून धावत होत्या. त्यांच्या नावाचा मोटार कारखाना मात्र कुठंच नाही. योजना त्यांची, कंपनी वालचंदांची, गाडी इटलीची. 

दातर्तीजवळचा सायफन बांधून झाला, तेव्हा वरून बघणाऱ्याला फक्त नदी दिसत होती. तिच्याखालून जाणारं पाणी ज्याच्या शेतात पोचत होतं, त्यालाच त्याची किंमत कळत होती. अंगणातल्या जुन्या फियाटचा कॅमशाफ्टही असाच, झाकणाखाली दडलेला. तो बदलून गाडी पुन्हा सुरू झाली, टक-टक थांबली आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं, की मालक मेकॅनिकच्या हातावर पैसे ठेवतो आणि पारोळा रोडला चक्कर मारायला निघतो. ज्यानं हा दांडा इथं बनावा म्हणून म्हातारपण खर्ची घातलं, त्यानं पहिलं मोठं काम याच मुलखात केलं होतं, हे त्या चक्करेत आठवलं तरी पुष्कळ झालं.